फेसाची अब्रू

माझ्या नवऱ्याला, एब्बेला, बिअर पिण्यापेक्षा ती घरी करण्यात जास्त रस आहे, आणि करण्यापेक्षा तिच्या नळ्या, नट आणि वॉशर यांच्याशी खेळण्यात त्याहून जास्त. जन्मभर फेरीबोटीच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस निवृत्त होतो, पण हातातला पाना काही सुटत नाही. आमच्या घरामागच्या शेडमध्ये एब्बेने एक जुना फ्रिज ठेवलाय. आत बिअरची स्टीलची पिंपं, बाहेर गॅसचं सिलिंडर. सिलिंडरपासून फ्रिजपर्यंत भिंतीवरून जाणारी नळी उघडी दिसू नये म्हणून त्याने तिच्यावर एक पातळ लाकडी पट्टी बसवली. "बघ बोडिल, जहाजावर असायचं तसं नीटनेटकं," असं तो मला ती पट्टी दाखवून म्हणाला होता. मी म्हटलं, जहाजावर तुझी कौतुकं करायला मी नव्हते, तेवढाच फरक.

पण ही शेड त्याच्या एकट्याची कधीच नव्हती. अर्धी विलीची. विली आमच्या कुंपणापलीकडे राहतो आणि खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवण्याचं काम करतो. आमच्या बेटावर ज्या खुर्चीवर तुम्ही बसाल, तिच्या कडेला विलीचे पितळी टोपीचे खिळे असणार. इंजिनाच्या आवाजाने एब्बेचे कान गेले, त्यामुळे हात एब्बेचे आणि कान विलीचे अशी त्या शेडची वाटणी होती. विली पिंपाला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "झाकणापाशी सुस्कारा टाकतंय." एब्बे तिथे पाना लावायचा. दोघांचे दोन मग खिळ्याला टांगलेले असायचे, आणि रविवारी दुपारी जेवायला हाक मारली की "आलो, आलो" म्हणून दोघं तासभर यायचे नाहीत.

हे सगळं गेल्या उन्हाळ्यात बिघडलं. एब्बेच्या साठाव्या वाढदिवसाला विलीने आदल्या दिवशी गुपचूप येऊन अख्खी शेड झेंड्यांनी सजवून ठेवली. आता वाढदिवसाला झेंडे लावायचे हे आमच्या रक्तातच आहे. केकमध्ये झेंडे, खिडकीत झेंडे, कुत्रा असेल तर त्याच्या पट्ट्यालाही एक. एब्बेचे डोळे पाणावले होते, पण त्याने ते फेसावर ढकललं. आणि त्याच आठवड्यात भरलेलं सिलिंडर रिकामं झालं.

दुसरं आणलं, तेही गेलं. मग सुरू झालं.

"क्लिप तू आवळली होतीस," विली म्हणाला.

"आणि वॉशर कोणी बसवला होता?" एब्बे म्हणाला.

"माझा वॉशर ठीक आहे. तुझ्या क्लिपा तुझ्यासारख्याच, नुसत्या दिसायला घट्ट."

"सोफ्याला खिळे मारणाऱ्याने गॅसच्या नादी लागूच नये!"

हे वाक्य जरा जास्तच लागलं. विलीने खिळ्यावरचा आपला मग काढला, कुंपणातल्या फटीतून पलीकडे गेला, आणि त्या फटीत दुसऱ्या दिवशी एक कुंडी आली. इंगरने, म्हणजे विलीच्या बायकोने, ती ठेवली नव्हती. तिने मला तसं शपथेवर सांगितलं. साठीचे दोन घोडे वॉशरवरून बोलणं टाकतात, यावर मी आणि इंगर आधी हसलो, मग चिडलो, आणि मग आम्हाला दोघींनाही वाईट वाटायला लागलं. एब्बे पेला भरण्यापुरता सिलिंडर उघडायचा, लगेच बंद करायचा आणि एकटाच प्यायचा. विलीच्या मगाचा खिळा त्याने मोकळाच ठेवला. मी तिथे एकदा झाडू टांगला तर म्हणाला, "तिथे नको."

अशात या मे महिन्यात विली आणि इंगरच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती.

आमच्याकडे रौप्यमहोत्सवाला आमंत्रणाची वाट बघत नाहीत. शेजारीपाजारी जमतात, फांद्यांच्या माळा बांधतात, आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोच्या दारावर हिरवी कमान उभारतात आणि सकाळी दाराबाहेर गाणी म्हणून त्यांना उठवतात. मग सगळ्यांची न्याहारी तिथेच. या सगळ्याचा पुढाकार कोणाचा, तर सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याचा. बोलणं असो वा नसो. आणि आमच्या गल्लीत कमानीखाली पहिला पेला ओततात तो एब्बेच्या पिंपातूनच, हे इतकी वर्षं ठरून गेलंय.

"मी कमान उभारीन," एब्बे म्हणाला. "बिअरही नेईन. बोलायचं बंधन नाहीये."

बेकरीत इंगर भेटली. तिने इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "विली म्हणतोय, एब्बे येईल. नियमाचा पक्का आहे. पण बिनफेसाची आणेल."

मी हे एब्बेला सांगायला नको होतं. पण मी सांगितलं, कारण मला राग आला होता, आणि कोणावर आला होता ते मलाही नीट कळत नव्हतं. एब्बेच्या नाकाला अशा काही मिरच्या झोंबल्या की तो जेवता जेवता उठला.

"बिनफेसाची? त्याच्या नाकात जाईल एवढा फेस आणतो!"

आता अडचण अशी की पेला भरण्यापुरता गॅस सोडला तर बिअर वाहते, पण तिच्यात फेस मुरत नाही. त्यासाठी सिलिंडर उघडं ठेवून पिंप काही दिवस दाबाखाली बसवावं लागतं. आणि सिलिंडर उघडं ठेवलं की ते कुठूनतरी गळतं. कुठून, ते वर्षभर सापडलं नव्हतं. सिलिंडर भरायचं तर फेरीबोटीने पलीकडे स्वेनबोर्गला जायला हवं. एब्बे सोमवारी जाऊन दुकानात उरलेलं एकुलतं भरलेलं सिलिंडर घेऊन आला आणि वर्दीतल्या जुन्या सवयीने मला अहवाल दिला: गुरुवारी स्वर्गारोहणाच्या सणाची सुट्टी, शुक्रवारी कोणी दुकान उघडत नाही, शनिवारी सकाळी कमानीखाली ओतायचं. म्हणजे हे सिलिंडर शेवटचं.

त्या दिवसापासून माझ्या घरात माझं काही उरलं नाही. न्हाणीघरातला वजनकाटा शेडमध्ये गेला, कारण सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय हे मीटरवरून नाही, वजनावरून कळतं म्हणे. एब्बे सकाळ-संध्याकाळ सिलिंडर त्याच्यावर उभं करायचा आणि माझ्यापेक्षा ते भराभर बारीक व्हायला लागलं. भांडी घासायचा साबण गेला. रंगाचा ब्रश गेला. एब्बेने साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडाला फासलं: रेग्युलेटरला, क्लिपांना, पिंपाच्या झाकणाला, नळीच्या दोन्ही तोंडांना. गळत असेल तिथे बुडबुडा फुगायला हवा. एकही फुगला नाही. शेड मात्र स्वच्छ झाली.

"गळती जोडालाच असते," तो मला शिकवायच्या सुरात म्हणाला. "नळी मध्येच कधी गळत नाही."

"मग जोड का गळत नाहीयेत?"

"तेच तर," असं म्हणून तो पुन्हा फासायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळीला गेले, तर टबात पिंप. सायकलची ट्यूब पंक्चर बघायला पाण्यात बुडवतात, तसं त्याने गॅस भरून पिंप बुडवलं होतं आणि शेजारी स्टुलावर चष्मा लावून बसला होता.

"श्श," तो म्हणाला. "एक बुडबुडा आलाय."

"मी येऊ का टबात? आणखी दोन-चार येतील."

तो बुडबुडा झाकणाच्या कडेला अडकलेल्या हवेचा निघाला. तरी त्याने सगळ्या रबरी रिंगा बदलल्या, नव्या रिंगांना चिकट मलम लावलं, आणि त्याने हात पुसले तो टॉवेल आता मी फक्त चिखलाच्या बुटांना वापरते.

मग एकदा सकाळी शेडमधून आरोळी आली. "सापडली!" मी कणकेच्या हातांनी धावले. त्याने रात्री पिंपात गॅस भरून सिलिंडर बंद करून ठेवलं होतं, आणि पिंपाच्या मीटरचा काटा सकाळपर्यंत पार खाली आला होता. म्हणजे गळती पिंपातच! आनंदाने त्याने पिंपाचा अख्खा माथा सुटा केला, एकेक पितळी तुकडा पुसला, पुन्हा जोडला. दुपारी जेवता जेवता त्याचा चमचा हवेत थांबला.

"बोडिल, मी गाढव आहे."

"सकाळचं कारण की नवीन?"

"काटा उतरणारच. ताजी बिअर स्वतःच गॅस पिते. तिला प्यायलाच तर दिलाय. गळती नाही ती, तहान आहे."

मी त्याला आणखी दोन बटाटे वाढले. दुसरं काय करणार?

मेणबत्तीचा प्रयोगही झाला. आमच्या घरात मेणबत्त्यांना तोटा नाही. गॅस जड असतो, तळाशी साचतो, तिथे ज्योत टिकत नाही, असं कुठेतरी वाचून त्याने फ्रिजच्या तळाशी पेटती मेणबत्ती ठेवली आणि दार लावलं. उघडलं तर विझलेली. तो विजयाने माझ्याकडे बघायला लागला. मी रिकाम्या पिठाच्या डब्यात दुसरी मेणबत्ती पेटवून झाकण लावलं आणि त्याच्यासमोर उघडलं. तीही विझलेली.

"विलीला बोलाव," मी तेव्हा म्हटलं. "कान लावेल, क्षणात सांगेल."

"त्याच्याच लग्नाच्या बिअरसाठी त्यालाच बोलावू? बिनफेसाची आणेल म्हणणाऱ्याला?"

"मग भोग."

तो पाना खाली ठेवून नुसता बसून राहिला. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती. कारण मला दिसत होतं की प्रश्न बिअरचा नव्हताच. शनिवारी सगळ्या गल्लीसमोर विलीच्या हातात सपक पेला गेला असता, तर ती कुंडी फटीतून कायमची हलली नसती. हे एब्बेलाही कळत होतं. म्हणून तो त्या नटांवर एवढा तुटून पडला होता.

शुक्रवार उजाडला. काट्यावर सिलिंडर जवळजवळ रिकाम्याच्या वजनाला आलं होतं. एब्बेने ते घट्ट बंद केलं. आत जो शेवटचा घोट उरला होता तो एका पिंपाला पुरला असता, पण गळती बंद झाली तरच.

दुपारी आमच्या गॅरेजमध्ये गल्ली जमली. कोणी फांद्या तोडून आणल्या होत्या, कोणी तार. किर्स्टन, कोपऱ्यावरच्या घरातली, आमच्या गल्लीची सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई, सगळ्यांना कामं वाटत होती. एब्बेला चिमटीत पकडून विचारत होती, "बिअर कुठाय? रिकाम्या घशाने माळ बांधायची का?" एब्बे म्हणाला, "उद्या." त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"आणि झेंडे?" किर्स्टन गरजली. "कमानीला झेंडे नाहीत? लोक काय म्हणतील!"

तेव्हा मला आठवलं. शेडमध्ये झेंड्यांची माळ होती की. एब्बेच्या साठाव्याची, विलीने लावलेली, वर्षभर तशीच. आमच्याकडे झेंडे लावलेले दिसतात, पण ते आहेत असं कोणाला जाणवत नाही. एब्बेने त्या माळेच्या वर-खाली, डावी-उजवीकडे साबण फासला होता आणि माळेला हातही लावला नव्हता.

एब्बे माझ्यामागून शेडमध्ये आला. पिंपाजवळ बसून त्याने, बहुतेक शेवटचाच प्रयत्न म्हणून, सिलिंडर उघडलं. मी माळ ओढली. एक टोक सहज सुटलं. मधे ती कशालातरी धरून होती. मी हिसडा दिला. त्या लाकडी पट्टीतून एक खिळा माळेसकट बाहेर आला, आणि त्याच्या मागून आवाज आला: फुस्स्स!

"एब्बे!"

"काय?"

"ऐकू येत नाही का तुला?"

"काय ऐकू?"

शेवटी मी त्याचा हात धरला आणि तळवा त्या भोकासमोर नेला. गार गॅसची बारीक धार त्याच्या तळव्यावर लागली. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने झेप घेऊन सिलिंडर बंद केलं, पट्टी उचकटली, आणि आम्ही दोघांनी बघितलं. मागच्या नळीला, बरोब्बर मध्यावर, एक गोल भोक. खिळा वर्षभर स्वतःच त्या भोकात बूच होऊन बसला होता. बूच, पण गळकं.

मी खिळा त्याच्यासमोर धरला. लांब, आणि वर पितळी टोपी. बेटावर असे खिळे एकाच माणसाकडे असतात.

एब्बेच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं, ते मी लग्नाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"विली!" तो म्हणाला. "सोफ्याचा खिळा! मी म्हटलं होतं की नव्हतं? क्लिप माझी ठीक होती! वॉशर-बिशर काही नाही. झेंडा लावायला लोक साधी टाचणी वापरतात. याने नळीत सोफ्याचा खिळा ठोकला!"

"तुझ्या वाढदिवसासाठी ठोकला."

"उद्या भाषण करतो," तो ऐकतच नव्हता. "न्याहारीला सगळे भाषणं करतातच. उभा राहतो, पेल्यावर चमचा वाजवतो, आणि हा खिळा एका बशीत ठेवून नवरदेवासमोर सरकवतो. वर्षापूर्वी मला ऐकवून गेला, तुझ्या क्लिपा म्हणे!"

"तू हे केलंस," मी म्हटलं, "तर मी तिथे तुझी बायको म्हणून उभी राहणार नाही. किर्स्टनच्या बाजूला जाऊन उभी राहीन."

त्याने खिळा शर्टाच्या खिशात टाकला. मी झेंडे घेऊन निघून आले. इतकी चिडले होते की ती माळ अर्धी चिखलातून ओढत आणली.

मागे वळून बघितलं तेव्हा त्याने भोकाचा तुकडा कापून नळीची दोन तोंडं एका जोडाने सांधली होती. नशीब म्हणजे एब्बे कधीच काही आखूड कापत नाही, त्यामुळे उरलेली पुरली. क्लिप आवळली, साबण फासला, सिलिंडर उघडलं. मग गार पिंप मांडीवर आडवं घेतलं आणि बाळाला झुलवावं तसं झुलवायला लागला. असं हलवलं की बिअर गॅस झपाट्याने पिते, दिवसांचं काम तासात होतं. किर्स्टन दारातून डोकावली आणि मला म्हणाली, "बरा आहे ना गं तो?"

मे महिन्यातल्या उशिरापर्यंत न मावळणाऱ्या संध्याकाळी, लख्ख उजेडात आम्ही कमान घेऊन विलीच्या दाराशी गेलो. अशा वेळी नवरा-बायकोने घरात नाही असं दाखवायचं असतं. पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. इंगरला एकदा शिंक आली. आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने ती ऐकू न आल्यासारखं करत राहिलो.

एब्बे शिडीवर, मी शिडी धरून. कमान बसली, झेंडे लागले. शेवटी वर मधोमध एक चंदेरी कागदाचा बदाम, त्यात पंचवीसचा आकडा. एब्बेने तारेने बांधला, पण वाऱ्याने तो पुन:पुन्हा तोंड फिरवायला लागला.

"खिळा द्या कोणीतरी," एब्बे वरून म्हणाला.

कोणाकडेच नव्हता. किर्स्टन म्हणाली, "घरून आणते."

"थांब," एब्बे म्हणाला.

त्याचा हात शर्टाच्या खिशात गेला. मी खालून बघत होते. तो हात खिशातच बराच वेळ राहिला. वर्षभराचं भांडण जिंकायचा एकुलता एक पुरावा त्या खिशात होता, आणि मला माहीत आहे, माझ्या नवऱ्याला भांडण जिंकायला किती आवडतं. माझ्याशी तो कधीच जिंकलेला नाही. मग त्याने तो पितळी टोपीचा खिळा बाहेर काढला, बदामाच्या मधोमध धरला आणि दोन ठोक्यांत कमानीत मारला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिडी घट्ट धरली.

"भाषणाचं काय?" तो उतरल्यावर मी विचारलं.

"घसा बसलाय माझा," तो म्हणाला.

सकाळी आम्ही पिंप हातगाडीत घालून नेलं. गल्ली दाराशी उभी, सगळ्यांच्या हातात गाण्याचे कागद, आणि किर्स्टनचा आवाज सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या कडव्याला दार उघडलं. विली आणि इंगर झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळत बाहेर आले. विलीच्या अंगावर झोपायचा गाऊन, आणि भांग असा काढलेला की पट्टीने आखावा.

"अरे बापरे, केवढं आश्चर्य!" विली म्हणाला. पंचवीस वर्षांत त्याला नाटक जमलेलं नाही.

हस्तांदोलनं झाली, मिठ्या झाल्या. एब्बे हातगाडीपाशीच होता. विली त्याच्यासमोर येऊन थांबला. दोघांच्या मधे पिंप. गल्ली एकदम गप्प झाली. किर्स्टनसुद्धा.

एब्बेने नळ उघडून पेला भरला. फेस वर आला, दाट, पांढरा, काठाच्याही वर. विलीने पेल्याकडे बघितलं, पण तो घेतला नाही. गाऊन सावरत तो वाकला, पिंपाला कान लावला आणि डोळे मिटले.



"गळत नाहीये," विली सरळ होत म्हणाला. वर्षभरात एब्बेशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द. मग त्याने पेला घेतला, प्यायला. मिशीला फेस लागला. "बरी झालीये. कुठे होती?"

एब्बेने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

"क्लिप," एब्बे म्हणाला. "माझीच क्लिप. नीट आवळली नव्हती."

विली वर कमानीकडे बघत होता. आम्ही सगळे कमान बघताना फांद्या बघतो, आकडा बघतो. विली खिळे बघतो. त्याचे डोळे त्या चंदेरी बदामावर जाऊन अडकले.

"हा खिळा माझा आहे," तो म्हणाला.

"शेडमध्ये पडलेला सापडला," एब्बे म्हणाला.

"मी शेडमध्ये एकदाच खिळा मारलाय. तुझ्या झेंड्यांना." विलीने पेला खाली घेतला. त्याचे कान लाल होत गेले. "पट्टीत मारला होता. मारताना मागे काहीतरी मऊ लागलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, एब्बेचं लाकूड. कुजलेलंच असणार!"

पहिली इंगर हसली. मग मी. आणि मग एब्बे असा हसत सुटला की त्याला हातगाडीवर टेकावं लागलं. विली मात्र हसत नव्हता. त्याने हातगाडीला वळसा घातला, एब्बेसमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुला माहीत होतं. आणि तू क्लिप म्हणालास."

"तुझं लग्न आहे आज," एब्बे म्हणाला. "दुसरी काही भेट आणलेली नाही तुला."

विलीने त्याला मिठी मारली. गाऊन, फेस, सगळ्यासकट. किर्स्टन काहीच न कळता मोठ्याने रडायला लागली. मग पाव आले, लोणी आलं, कडू दारूचे छोटे पेले आले, आणि भाषणं झाली. एब्बेनेही केलं. घसा ठीक होता त्याचा.

कमान सुकून तपकिरी होईपर्यंत त्यांच्या दारावर राहिली. ती उतरवली त्याच दुपारी आमच्या कुंपणातली कुंडी बाजूला झाली आणि विली फटीतून आला. एका हातात त्याचा मग, दुसऱ्या हातात धुतलेली झेंड्यांची माळ, आणि तोंडात तो पितळी खिळा. आपला मग त्याने जुन्या जागी टांगला. माळ भिंतीवर धरली, खिळा टेकवला, हातोडी उगारली. आणि तशीच थांबवून मागे वळला.

"एब्बे," खिळ्यावरचं बोट न काढता त्याने विचारलं, "इथे मागे काही मऊ नाही ना?"